दाब, धर, सोड

मानवतमधल्या बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर देव असतो. आमच्या शेजारच्या माणिककाकांच्या गाडीत त्या जागी चहाचा ग्लास असतो. काठोकाठ भरलेला, आणि खाली पांढरा रुमाल अंथरलेला. तो चहा कोणी प्यायचा नसतो. काका पहिला गिअर टाकतात, दुसरा टाकतात, गल्लीच्या टोकाला थांबतात आणि ग्लास उचलून रुमालावरचा डाग बघतात. डाग मोठा असला की चहा तिथल्या लिंबाच्या झाडाच्या बुडाशी ओततात. मग गाडी पुन्हा पत्र्याच्या शेडमध्ये जाते आणि आठवडाभर बाहेर येत नाही.

गाडी लाल आहे, दोन सीटची आहे आणि इतकी बुटकी, की तिच्यात आपण बसतोय की पडतोय हे कळत नाही. काका ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते तिथल्या मालकाच्या मुलाने ती हौसेने आणली होती. पहिल्याच गतिरोधकावर तिचं पोट टेकलं, त्याची हौस फिटली आणि गाडी कवडीमोलात काकांच्या शेडमध्ये येऊन पडली. जिनिंगमध्ये काकांनी आयुष्यभर कापसाच्या गाठी दाबणारं प्रेस सांभाळलं. ते प्रेस तेलाच्या दाबावर चालतं. त्यामुळे कशाबद्दलही काकांचं मत तेलापासून सुरू होतं.

"तेल इमानदार असतंय. जेवढं दाबावं तेवढं पुढं सरकतंय. हवा बेइमान. दाबली की दबती, अन् आपल्याला वाटतंय काम झालं."

हे ते क्लचबद्दल म्हणतात, पुढाऱ्यांबद्दल म्हणतात, आणि एकदा माझ्यासाठी स्थळ घेऊन आलेल्या गृहस्थांबद्दलही म्हणाले होते. ते स्थळ पुढे गेलं नाही. मी काकांची तेवढी ऋणी आहे.

त्यांच्या गाडीशी माझा संबंध इंग्रजीमुळे आला. मी इंग्लिश मीडियमला शिकले, म्हणून मला सगळं येतं असं आमच्या गल्लीत मानतात. गोळ्यांची पाकिटं, बँकेची पत्रं, कुणाच्या तरी भाच्याचा पासपोर्ट, सगळं माझ्याकडे येतं. एक दिवस भिंतीवरून हाक आली. "ए कॉन्व्हेंट! हिकडं ये. हे वाच."

मोबाइलवर परदेशातल्या कुणीतरी क्लच हलका कसा करावा ते लिहिलं होतं. मी वाचलं. शब्द जवळजवळ सगळे कळले, वाक्य एकही नाही.

"मला कळलं नाही काका."

"मग इतकी वर्षं काय शिकलीस?"

"कविता."

काकांनी गाडीचं दार उघडलं. "बस मग आत. पाय तरी हायेत ना?"

तेव्हापासून दर रविवारी मी क्लचवर पाय ठेवून बसते. काका गाडीखाली असतात, त्यांची फक्त चप्पल दिसते. खालून आवाज येतो, "दाब." मी दाबते. "धर." मी धरते. ते एक बारीक नळी उघडतात, त्यातून बाटलीत बुडबुडे सुटतात, नळी बंद होते. "सोड." मी सोडते. तेलात अडकलेली हवा अशी काढतात. वीस वेळा, तीस वेळा. मला यातलं काहीच कळत नव्हतं, पण तिथे बोलावं लागत नाही, हे मला आवडायचं.

कळत नव्हतं ते वेगळंच. स्पोर्ट्‌स कार लोक वेगासाठी घेतात. काका तिला मऊ करत होते. त्यांनी पेडलजवळचा सिलिंडर बदलून बारीक बसवला. त्यामुळे पायाला जोर कमी लागतो. मग क्लच पुरता सुटेना आणि गिअर खरखरू लागला, म्हणून तो सिलिंडर काढून जरासा मोठा बसवला. तेलाच्या वाटेत सुईच्या नाकाएवढ्या भोकाची चकती घातली. "पाय अचानक सटकला तरी तेल दमादमानं माघारी येतंय. गचका बसत न्हाई."

"पाय कशाला सटकेल?"

"पाय हाय. सटकतो."

"त्यापेक्षा आपोआप गिअर बदलणारी गाडी घ्या ना."

"ते गाडी चालवणं न्हाई. ते गाडीत बसणं हाय. गिअर आपल्या हातानं पडला पायजे," काका म्हणाले, आणि कुणाचं तरी वाक्य चोरल्यासारखे पुन्हा गाडीखाली सरकले.

खरं तर काकांनी त्या दिवसांत घरात बसायला हवं होतं. कौसाकाकू मागच्या वर्षी धुण्याच्या दगडावरून घसरल्या आणि डाव्या पायात रॉड बसला. त्याआधी काकू जीप चालवायच्या. सासूला घेऊन पोखर्णीला दर्शनाला, सरकी घेऊन शेतावर, बाळंतिणीला घेऊन परभणीला. आता जीप विकली गेली होती आणि काकू खिडकीशी बाजेवर बसून शेडकडे बघत असायच्या.

"माझा पाय मोडला तर ह्यांनी दुसरी आणली," मला ऐकवून काकांना म्हणायच्या. "लाल! दिवसभर तिच्याच पायाशी लोळायलेत."

दिवाळी जवळ आली तशी काकूंनी धमकीच दिली. "पाडव्याला ओवाळीन, रीत हाय म्हणून. भाऊबीजेला पालमला भावाकडं जाईन, ती तिथंच राहीन. मंग तुमी अन् तुमची लाल."

काका फक्त "बरं" म्हणाले आणि शेडमध्ये गेले. मला त्यांचा राग आला. मी रागावले की जास्त गप्प होते, त्यामुळे कुणाला समजलं नाही.

शेडच्या भिंतीवर खडूने दोन रांगा लिहिलेल्या होत्या. पहिली मला माहीत होती. पेडलला ताणकाट्याचा हूक अडकवून काका ते ओढायचे आणि किती किलो जोर लागला तो आकडा लिहायचे. अठरा, सोळा, तेरा, अकरा. दुसरी रांग उलटी चढत होती. तीन, चार, चार, पाच, सात.

"ही कशाची?"

"दुसऱ्या गाडीची."

"दुसरी गाडी कुठंय?"

"हाय. घरीच हाय."

मी अंगणभर बघितलं. एक सायकल होती.

आणखी एक गोंधळ. रोज संध्याकाळी सातला भिंतीपलीकडून, घराच्या आतून, तोच आवाज यायचा. "दाब. धर. सोड." त्यावर काकू ओरडायच्या, "पाय हाय माझा, पेडल न्हाई!" मला वाटायचं, माणूस पार गाडीतच गेला.

एकदा मी धीर करून विचारलं, "काका, तुम्ही मलाच का बोलावता?"

"तुझ्या पायात जोर न्हाई म्हणून. तुला दाबता आलं तर कुणालाबी येतंय."

पुढच्या रविवारी मी गेले नाही. त्याच्या पुढच्या रविवारी गेले.

पाडव्याच्या सकाळी आईने फराळाचं ताट देऊन मला शेजारी पाठवलं. काका पाटावर बसले होते, डोक्यावर टोपी. काकू एका हाताने काठी धरून दुसऱ्या हाताने ओवाळत होत्या, चेहरा रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा. बाजेशेजारी भिंतीला टेकवून एक वजनकाटा उभा केला होता. पायाने दाबायला. मी तो बघितला, शेडमधली दुसरी रांग आठवली आणि मला एकदम स्वतःच्या शिक्षणाची लाज वाटली.

काकांनी ताटात गाडीची चावी टाकली.

"हे काय? सवतीची चावी मला?"

"उद्या पालमला जायचं म्हणलीस ना. एसटीला लय गर्दी राहती."

"मी? ह्या पायानं?"

"पेडल नऊवर आलंय. तू परवा साडेनऊ दाबलंस."

काकूंनी ताट खाली ठेवून चावी उचलली. निरांजन विझत आलं होतं. मी चकल्या मोजू लागले.

शेडमध्ये सीट आधीच मागे सरकवून ठेवलं होतं, काकूंच्या मापाने. काकांनी ग्लास भरून डॅशबोर्डवर ठेवला, काकूंना हळूच आत बसवलं आणि दाराशी उकिडवे बसले. काकूंनी चावी फिरवली.

"दाब."

काकूंनी दाबलं. डोळे मिटून.

"धर."

धरलं. काकूंनी डोळे उघडले. काका त्यांच्या पायाकडेच बघत होते आणि पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून येईना. काकूंनी थोडी वाट पाहिली. मग स्वतःच गिअर टाकला, पाय हळूहळू उचलला आणि गाडी शेडमधून अशी निघाली, की आधी मला शेडच मागे जातंय असं वाटलं. काका तसेच उकिडवे.

गल्लीच्या टोकाला लिंबाशी गाडी थांबली, तेव्हा काका आणि मी मागून पोचलो. काकूंनी ग्लास उचलून खालचा रुमाल बाहेर धरला. कोरा होता.

"बसा की आता," काकू म्हणाल्या. "तुमच्या लालला बाजार दाखवून आणू. अन् उद्या पालमलाबी चला. ग्लास धरायला कुणीतरी लागंल ना."

काका दुसऱ्या सीटवर बसले, किंवा पडले. गाडी कोपऱ्यावर वळताना मला दिसलं, ते तो गार झालेला चहा पीत होते.