फादरांनी खाल्लेला निळा मफिन

माझं व्रत आजवर कधी मोडलेलं नाही. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या, लेंटच्या चाळीस दिवसांत गोडाचा कण जिभेवर ठेवत नाही, गेली एकतीस वर्षं. मोडलं ते माझ्या व्रतापायी दुसऱ्याचं, आणि तेही आमच्या चर्चच्या फादर कॉटरांचं.

माझं पोट फार हळवं. चर्चमध्ये वीस वर्षं मी दाराजवळच्या बाकावर बसते. प्रवचन रंगात आलं की माझं पोटही रंगात येतं आणि मला उठावं लागतं. एक मिस्सा, म्हणजे अख्खी उपासना, तरी शेवटपर्यंत ऐकावी, एवढीच इच्छा. म्हणून इथं आयर्लंडात, कॉर्क शहराच्या विद्यापीठात पोटावर संशोधन चालू आहे, तिथं नाव दिलं.

तिथल्या डॉक्टर केलेहर म्हणाल्या, "गोबनेटबाई, मन शांत ठेवतं म्हणतात ना, ते सेरोटोनिन? त्यातलं नव्वद टक्के आतड्यात तयार होतं. आणि किती करायचं, ते तिथले जिवाणू सुचवतात. त्यांचं बिनसलं की आतडं साध्या चहालाही दचकतं."

"किती असतात हो ते?"

"लाखो कोटी."

रोज सकाळी सहाला जपमाळ घेऊन बसते, तेव्हा घरात मी एकटी असं समजत होते. एवढी मंडळी सोबतीला होती, आणि मी त्यांची साधी विचारपूसही केली नव्हती!

मग डॉक्टरांनी हातात गडद निळा मफिन ठेवला. "हा खा, आणि संडासात निळं कधी दिसतं ती वेळ लिहा, म्हणजे पोटाचा वेग कळेल. शुक्रवारपर्यंत वेळ कळली नाही तर तुमचं नाव कमी होईल हं."

ऐन लेंटमध्ये मफिन. हे औषध म्हणायचं की गोड? फादरांना विचारायला गेले; निळं कशासाठी ते सांगायला मात्र लाजले.

"ठेव त्या टेबलावर," ते म्हणाले. "विचार करतो."

विचार दोन दिवस चालला. गुरुवारी गेले, तर टेबलावर नुसता मफिनचा कागद. फादर पापांची कबुली ऐकायच्या खोलीत बसले होते. मी जाळीपाशी गुडघे टेकले.

"फादर, मफिन कुठाय?"

पलीकडून हलकेच आलं, "गोबनेट, माझ्या हातून पाप झालंय."

"खाल्लात?"

"मंगळवारी, चहाबरोबर. गावाला गोड सोडा म्हणून मीच सांगितलं आणि... काल सकाळपासून मृत्युपत्र लिहितोय मी. अगं, निळं! असली शिक्षा कुठल्या ग्रंथात नाही."

"किती वाजता, फादर?"

"काय किती वाजता?"

"निळं."

"...सात वाजून दहाला."

तो मफिनचाच रंग, हे मी समजावून सांगितलं, तेव्हा जाळीपलीकडून सुस्कारा आला तो मेणबत्ती विझवेल असा होता.

शुक्रवारी डॉक्टरांना खरं तेच सांगितलं. वेळ आहे, पण पोट माझं नाही.

"मग कुणाचं?"

"कबुलीच्या जाळीतून कळलंय. सांगता यायचं नाही."

त्या डोळे पुसावे लागेपर्यंत हसल्या. मग दुसरा मफिन दिला, ईस्टरनंतर खायला.

ईस्टरच्या रविवारी फादरांना सांगून घरी आले आणि तो खाल्ला. सोमवारच्या मिस्सेला नेहमीच्या बाकावर बसले. प्रवचन रंगात आलं, आणि आतली मंडळी जागी झाली. मी मान खाली घालून हळूच उठले.

फादर बोलायचे थांबले. मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि भरल्या चर्चमध्ये म्हणाले,

"दहा वाजून वीस, गोबनेट. जा तू, मी लिहून ठेवतो."