सर्दीची वंशावळ

कुणासमोर शिंक आली तर लोक "जपा" म्हणतात. आमचे शेजारी तायडेभाऊ विचारतात, "कोनाची हाये?" शिंक आपली स्वतःची असू शकते, हे त्यांना मान्यच नाही.

भाऊ आरोग्यखात्यातून निवृत्त झाले. उभी नोकरी गावोगावच्या तापाचा माग काढण्यात गेली. आता राजापेठेतली आमची गल्ली त्यांच्या तावडीत सापडली आहे. "वैनी, सर्दी आभायातून पडत नाई. ते कोनीतरी देल्ली असते." मग वहीत वंशावळ मांडली जाते: अकोटहून एसटीने आलेली देशमुखांची विहीण, तिच्यापासून देशमुखांची सून, सुनेपासून भजनी मंडळातल्या चौघी, आणि त्यातल्या खड्या आवाजाच्या बाईपासून मी. "तोंड उघडून गाता, मंग काय होईन?"

एकदा शिकवणीवाले सर आणि पार्लरवाली मुलगी एकाच दिवशी खोकू लागले. भाजीच्या गाडीपाशी भाऊंनी सगळ्यांदेखत विचारलं, "ह्या दोघाईची गाठ कुठं पडते?" दोन महिन्यांनी त्या दोघांच्या लग्नात आम्ही जेवलो. भाऊ मात्र खोकणाऱ्या आचाऱ्यावर डोळा ठेवून उपाशी परतले.

मी त्यांना एकदा विचारलं, "मला सर्दी दर वर्षी होते, गोवर मात्र जन्मात एकदाच. असं का?"

"गोवर आपला चेहरा बदलत नाई. आंगानं एकदा पाह्यला का जलमभर ओयखते. सर्दी बेटी दरसाली नवं लुगडं नेसून येते, आंग ओयखीन कसं?"

असा हा हुशार माणूस, पण माझी नात ओवी झाली तेव्हापासून आमचा उंबरा चढला नव्हता. सारी गल्ली पोरीचे मुके घेऊन गेली, आणि हे फाटकाबाहेरूनच हात हलवायचे. मला राग होता. एवढा शेजार आणि एवढा आखडूपणा!

ओवी आठ महिन्यांची झाली आणि गल्लीच्या टोकाच्या घराला लिंबाचा पाला लागला. तिथल्या मुलाला माता आली होती, म्हणजे गोवर. रिवाजाप्रमाणे त्या माउलीनं पाच लेकरं जेवायला बोलावली. आमची सूनही ओवीला कडेवर घेऊन निघाली. भाऊ फाटकात आडवे झाले.

"ही पोट्टी जानार नाई."

"मातेचा नैवेद्य आहे, भाऊ," मी म्हटलं.

"गोवर हवेतून येते, वैनी. पोरगं खोलीतून उठून गेलं तरी मांगं हवेत राह्यते. हिची लस नऊ महिने भरल्यावर हाये. तवर हिले कायचाच आडोसा नाई. हिच्या भोवतालच्या पोट्ट्यायनं लस घेतली, तर गोवर हिच्यापर्यंत पोचतच नाई."

त्या घरी जाऊन मात्र ते हात जोडून बोलले. "माय, लिंब राहू दे. पोराले दवाखान्यात दाखोव. लेकरं पंधरा दिवसानं जेवू घाल, मातेले काय घाई हाये?" त्या बाईनं ऐकलं. मग भाऊ घरोघर फिरले. लस चुकलेली सात पोरं निघाली. सातही जणांना त्यांनी स्वतः दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी परतताना पुन्हा फाटकात थांबून हात हलवू लागले, तेव्हा मात्र माझा तोल गेला. "आत या की! आम्ही काय अस्पृश्य आहोत?"

भाऊंनी हलवता हात खाली घेतला.

"आमच्या हिले कर्करोगाची औषधं चालू होती. आंगात झुंजाची ताकद राह्यली नोती. मी भाच्याच्या लग्नाहून सर्दी घेऊन आलो. साधी सर्दी, वैनी. हिच्या छातीत उतरली, त्यातच ते गेली. म्या त्या सर्दीचीबी वंशावळ काढली. हिच्या नावाच्या वरते माझंच नाव आलं."

मला एवढा राग धरल्याची लाज वाटली.

गोवर आमच्या घरी आला नाही. नववा महिना भरला त्या दिवशी ओवीला लस दिली आणि मी भाऊंना हाक मारली. "आज नाई," ते म्हणाले. "सुई टोचली म्हून का आंग आजच शिकलं? पंधरा दिवस तरी लागतात."

सोळाव्या दिवशी आले. इस्त्रीचा सदरा, हात कोपरापर्यंत धुतलेले. दारात स्वतःच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला, मगच आत पाऊल टाकलं. मी ओवीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. तिनं आधी चष्मा ओढला, मग सगळी बोटं त्यांच्या गालात रुतवली.

भाऊ हलले नाहीत. "दोन वर्सं झाली, वैनी," ते हळूच म्हणाले. "मले कोनाचा हात लागला नोता."

माझे डोळे भरून आले. चहा ठेवते म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, आणि त्या दिवशी चहाला मुद्दामच फार वेळ लावला.