मी, माझी पाठ आणि शिलाई मशीन

बायकोच्या शिलाई मशीनचं वजन करून बघावं, असं एका रविवारी माझ्या मनात आलं. एवढाच काय तो माझा गुन्हा.

मशीनशी माझं काही वाकडं नव्हतं. वाकडा झाला होता माझा खांदा. मी मोजणी ऑफिसात सर्व्हेयर आहे. जमीन मोजायचं आमचं यंत्र म्हणजे तिपाईवर बसणारी एक महागडी दुर्बीण. ते पेटीत घालून टेकड्या चढायच्या. एका हातात पेटी, खांद्यावर तिपाई, आणि तोल गेला की धरायला फक्त देवाचं नाव. मागे एकदा ओढा ओलांडताना मी पेटीसकट आडवा झालो. यंत्र वाचलं (ते माझ्या अंगावर पडलं), पण आमच्या मोठ्या मॅडमनी सगळ्यांसमोर सुनावलं, "पुन्हा असं झालं तर तुमची बदली रेकॉर्ड रूममध्ये. रिटायर होईपर्यंत."

मला उघडं रान लागतं, वारा लागतो. जुन्या नकाशांच्या धुळीत बसलो तर महिनाभरात माझाच नकाशा होईल.

मॅडमनी एक वाट मात्र ठेवली होती. यंत्र वाहून न्यायची चांगली सोय कुणाला सुचली, तर त्याने शनिवारी सकाळी खाणीमागच्या टेकडीवर ती करून दाखवायची. मला लगेच सुचली! जुन्या घडीच्या खुर्चीची ॲल्युमिनियमची चौकट, तिला प्रवासी बॅगेचे पट्टे, कमरेला रुंद बेल्ट. पेटी पाठीवर, तिपाई बाजूच्या कडीत, दोन्ही हात मोकळे.

हे सगळं अर्थातच गुपचूप करायचं होतं. कारण आमचे चाकवाले. हे माझे एक सहकारी. जगातला कुठलाही प्रश्न चाकं लावली की सुटतो, असं त्यांचं ठाम मत आहे, म्हणून हे नाव. ते बाजारात बाबागाडीची चाकं दाबून बघताना मला दिसले होते. मला बघताच म्हणाले, "भाचीसाठी." भाची बारावीला आहे! मी काय ते समजलो.

बायकोलाही सांगितलं नाही. बायकोला सांगितलेलं तिच्या धाकट्या भावाला कळतं, आणि आमचे हे मेहुणे रोज संध्याकाळी चाकवाल्यांबरोबर कॅरम खेळतात.

सरावासाठी यंत्र घरी मिळेना. मग यंत्राइतक्या वजनाचं काय आहे, म्हणून मी घरभर वजनकाटा घेऊन फिरलो. तवे, इस्त्री, उशा (उशांचं का केलं, मला विचारू नका). शेवटी शिलाई मशीन. लाकडी तळ काढला, वर दोन कात्र्या ठेवल्या, की काटा हवा तिथे. स्टोअरमधून यंत्राची एक जुनी रिकामी पेटी आणली होती, तीत मशीन बसवलं, कुलूप घातलं. पाठीला फरक कळता कामा नये, असं जमवलं होतं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

रोज पहाटे मी मशीन पाठीवर घेऊन चार मजले चढउतार करायचो. पुढचं मला मागाहून कळलं. तिसऱ्या दिवशी बायकोला जाग आली. तिने पाहिलं, तर टेबलावर मशीन नाही आणि पलंगावर नवरा नाही.

"कुठे होतात?" मी घामाघूम होऊन आलो तेव्हा तिने विचारलं.

"व्यायाम."

"तुम्ही?"

त्या 'तुम्ही'त आमच्या अख्ख्या संसाराचा अनुभव होता.

"आणि माझं मशीन?"

"तेल-पाणी करायला दिलंय."

"कुणाला?"

"आहे एक... ओळखीचं."

"ओळखीचं की ओळखीची?"

मी हसलो. हसायला नको होतं.

त्या दिवसापासून मेहुणा माझ्या मागे लागला. पानाच्या दुकानापाशी मेहुणा, बसस्टॉपवर मेहुणा. एकदा तर माळावर मोजणी चालू असताना दुर्बिणीत झुडूप पकडलं, तर झुडपामागे मेहुणा, शेंगदाणे खात. मी बटण दाबून त्याचं अंतर मोजून घेतलं. माझी खात्री पटली: हा चाकवाल्यांचा हेर!

घरी आल्यावर मी सरळ तोफ डागली. "तुझ्या भावाला कुणी पाठवलंय, ते मला माहितीये."

बायकोचा चेहरा उतरला. "माहितीये?"

"हो. आणि जे काय आहे ते शनिवारी टेकडीवर सगळ्या जगाला कळेलच."

ती पटकन आत गेली. मला वाटलं, भावाची बाजू घ्यायला जागा उरली नाही म्हणून गेली.

शुक्रवारी मॅडमनी सही घेऊन यंत्र घरी न्यायला दिलं. दोन पेट्या सोफ्यामागे शेजारी शेजारी ठेवल्या, किल्ल्या खिशात. खऱ्या यंत्राची पेटी मी मऊ फडक्याने पुसली, कोपरे चकचकीत केले. बायको दारातून बघत होती.

शनिवारी सकाळी सोफ्यामागे एकच पेटी होती. बायकोने झाडताना दुसरी सरकवली असेल, असं समजून मी आहे ती उचलली. वजन बरोबर! पाठीवर चढवली आणि निघालो.

टेकडी मी अशी चढलो की मला स्वतःलाच माझा संशय आला. दोन्ही हात मोकळे! एका चरावरून तर उडी मारली. चाकवाल्यांची गाडी पहिल्याच खडकाळ चढावर अडकली होती आणि ते तिला मागून ढकलत, पुढून ओढत, मधूनच लाथा घालत होते. वर मॅडम छत्री घेऊन उभ्या होत्या. चक्क हसल्या. "छान! यंत्र बघू."

मी एक गुडघा टेकला. कुलूप काढलं. जादूगारासारखं झाकण उघडलं आणि पेटी मॅडमच्या पुढ्यात केली.

आत शिलाई मशीन होतं.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या.

तेवढ्यात मागच्या खडकाआडून आवाज आला, "अच्छा! म्हणजे ह्या त्या!"

बायको. तिच्यामागे मेहुणा. दोघांना धाप लागलेली. मी गुडघ्यावर बसून एका छत्रीवाल्या बाईंना माझ्या लग्नाच्या बायकोचं मशीन अर्पण करत होतो. त्यात भर म्हणून खालून चाकवालेही पोचले. लाजेने मला पेटीत शिरावंसं वाटलं.

"अगं, या मोठ्या मॅडम आहेत! ऑफिसच्या!"

"मोठ्या असोत नाहीतर धाकट्या, मशीन माझं आहे!" मग तिचं लक्ष पेटीकडे गेलं. "थांबा. मशीन इथे, तर मी कपाटात काय कोंडलं?"

"काय कोंडलंत?" मॅडमचा आवाज एकदम बारीक झाला.

"यांनी काल इतक्या मायेने पुसली ती पेटी. माझं मशीन त्यात घालून कुणालातरी भेट द्यायचं म्हणून पुसताहेत असं वाटलं. मी ती रजयांच्या मध्ये घालून कुलूप लावलं."

"आपटली नाही ना?"

"मी?" बायको दुखावली. "मी काय ओढ्यात पडते?"

मॅडमनी छत्री मिटली आणि खडकावर बसून माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं. मग बायकोला म्हणाल्या, "मशीन चालतंय का बघा." बायकोने ते खडकावर ठेवून हाताने चाक फिरवलं. सुई टकटक खालीवर झाली. दोरासुद्धा तुटला नव्हता.

"चौकट पास," मॅडमनी निकाल दिला. माझी छाती फुगली. "अशा आणखी करून घेऊ. पट्टे वहिनींनी शिवावेत. पहिली परवापासून हे वापरतील." त्यांनी चाकवाल्यांकडे बोट दाखवलं.

"आणि मी, मॅडम?"

"तुम्ही यंत्र घरी विसरून टेकडी मोजायला शिलाई मशीन आणलंत. तुम्ही सोमवारपासून रेकॉर्ड रूम."

उतरताना मी मागे वळून वळून रान बघत होतो. बायको मात्र कित्येक दिवसांनी मोकळं हसत होती. मला बरं वाटलं. म्हटलं, गैरसमज तरी फिटला. "आता पटलं ना? उगाच संशय घेत होतीस."

"पटलं हो," ती प्रेमाने म्हणाली, "आणि बदलीही बरीच झाली. आमचा धाकटा परवाच तुमच्या मागे ऑफिसात जाऊन बघून आलाय. त्या रेकॉर्ड रूमला खिडकी नाही, दारही एकच आहे. आता बिचाऱ्याला झुडपात बसायला नको."