पंचनदरावांच्या पाच जणी

हॉटेलाची पाटी पंचनदराव वाचत नसत, तपासत. मान कलती, एक डोळा मिटलेला. अक्षरं किडकिडीत दिसली की म्हणत, "पावम!" म्हणजे बिच्चारी. "ह्या अक्षरांसच कोणी जेवूं घातलें नाहीं, तुम्हांस काय घालतील?" आणि सकाळपासून उपाशी असलेल्या मला पुढच्या हॉटेलाकडे ओढत नेत. तिथली अक्षरं इडलीसारखी टम्म असली, तरच इडली.

मी पुण्याहून बदली होऊन मद्रासला आलो, तेव्हा ट्रिप्लिकेनमध्ये हे तंजावरकडचे मराठी गृहस्थ माझे शेजारी झाले. एका छापखान्यात उदबत्त्यांची, काडेपेट्यांची लेबलं काढायचे. मराठी असं बोलायचे, की जुनी बखर इस्त्री करून समोर ठेवल्यासारखं वाटे.

आमच्या मराठी मंडळाची पोस्टरंही तेच रंगवत. त्यांची देवनागरी तमिळसारखी गोलमटोल. एकदा मी म्हटलं, "रावजी, हा 'म' तमिळ दिसतो."

"दिसेलच. आम्हीं पिढ्यान् पिढ्या कावेरीचें पाणी प्यालों. अक्षरांनींच काय म्हणून पुण्याचें प्यावें?" वर माझ्याकडे असं बघितलं, जणू मुठा मीच आटवली होती.

राव अविवाहित. घरात धाकटी बहीण अंबुजा. ऐन विशीत नवरा गेला आणि ती भावाकडे आली. मंडळात गाणं असलं की ती पहिल्या रांगेत. हळदीकुंकू असलं की घरी. येऊ नको असं कोणी म्हणत नसे, बोलावतही नसे. त्या दिवशी राव अक्षरांवरसुद्धा बोलत नसत.

एका वर्षी त्यांनी हळदीकुंकवाचं पोस्टर काढलं. ओळीनं पाच बायका, नऊवारीतल्या. चौघींना ठसठशीत कुंकू, पाचवीचं कपाळ मोकळं. चेहरा सरळसरळ अंबुजाचा. खाली गोल अक्षरांत दोनच शब्द: अवघ्या या.

मंडळाच्या अध्यक्ष सुंदराबाई तडक घरी आल्या. "अय्यो, राव! हें अशुभ. पांचजणींत एकच वेगळी कशास? सगळ्या सारख्या करा, नाहींतर पोस्टर नको."

"सरि," राव म्हणाले. म्हणजे बरं. एवढंच! मी चिडलो. इडलीवाल्याशी भांडणारा माणूस इथे शेपूट घालतो? तसं तोंडावर म्हटलंही. राव कुंचला धूत राहिले.

हळदीकुंकवाच्या दिवशी पोस्टर सभागृहाच्या फाटकाशेजारी खळीनं चिकटवलेलं होतं. पाचही कपाळं मोकळी. रावांनी उरलेल्या चौघींचं कुंकू रंगानं झाकलं होतं.

"सारख्या करा म्हणालां, केल्या," ते सुंदराबाईंना नम्रपणे म्हणाले.

बायका फाटकात अडल्या. सणाच्या दिवशी असल्या पाच कपाळांसमोरून आत जायचं कसं? कागद ओढला तर भिंतीचा चुना निघायला लागला. शेवटी सुंदराबाईंनी करंड्यात बोट बुडवलं आणि पहिलीला कुंकू लावलं. मग दुसरीला, तिसरीला, चौथीला. पाचवीपाशी बोट थांबलं. आता तिला तसंच ठेवायचं, तर ते स्वतःच्या हातानं ठेवायचं, आणि तेही सगळ्यांच्या देखत. सुंदराबाईंनी डोळे मिटले, घाईघाईनं बोट टेकवलं आणि मागे न बघता आत गेल्या.

खऱ्या अंबुजाला बोलवायला मात्र कोणी गेलं नाही.

संध्याकाळी सगळ्या पांगल्यावर राव तिला घेऊन आले. ती पोस्टरसमोर उभी राहिली.

"कोणीं लाविलें, अण्णा?"

"सुंदराबाई."

"स्वतः?"

"स्वतः."

तिनं चित्र पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाली, "वांकडें लाविलें आहे गं बाई," आणि बोटाच्या टोकानं ते हळूच सारखं केलं. हात मागे घेतला तर बोटाला लाल लागलेलं. ती घाबरली. पदराला पुसावं तर पांढरा पदर. बोट तसंच हवेत धरून इकडेतिकडे बघायला लागली.

पंचनदरावांनी चष्मा काढला, बहिणीपुढे मान वाकवली आणि म्हणाले, "इकडे पूस." आणि कपाळ पुढे केलं.