पोपट चालू स्थितीत

पाणीपुरवठा कार्यालयाच्या नळजोडणी विभागाला नवा संगणक मिळाला, तेव्हा त्याच्या पोटात पाहुणे आधीच येऊन बसले होते. मागवलं होतं एकच काम करणारं यंत्र. नळासाठी अर्ज करणाऱ्यांची नावं त्यात भरायची, ज्याची पाळी येईल त्याला मंजुरी द्यायची, संपलं. त्यासाठी 'नळजोडणी प्रणाली' नावाचा एक गरीब स्वभावाचा कार्यक्रम त्यात बसवला होता. पण कारखान्यातूनच यंत्रासोबत हवामान आलं होतं, पत्त्यांचा डाव आला होता, बुटांवर सवलत देणारं दुकान आलं होतं, 'तुमचा संगणक धोक्यात आहे' अशी उठल्यासुटल्या बोंब ठोकणारा पहारेकरी आला होता, आणि कोपऱ्यातून डोकं काढून "काही मदत हवी आहे का?" असं विचारणारा एक हिरवा पोपट आला होता. नको म्हटलं की तो विचारायचा, "नक्की?"

सकाळी यंत्र सुरू केलं की ही मंडळी सगळ्यात आधी उठायची आणि ऐसपैस मांडी घालून बसायची. नळजोडणी प्रणालीला टेकायलाही जागा उरायची नाही. ती उघडली की पडद्यावर एक चाक फिरू लागायचं आणि फिरतच राहायचं. अर्जदार खिडकीतून मान आत घालून ते चाक बघायचे आणि उद्या येतो म्हणायचे.

या यंत्रासमोर ताई बसत. विभागात लिपिक म्हणून त्या एकट्याच, आणि सगळं कार्यालय त्यांना ताईच म्हणे. त्यांच्यापेक्षा वयानं मोठे साहेबसुद्धा. आता लिपिकाचं यंत्र अडकलं तर लिपिकाचं काय बिघडतं, असं तुम्हाला वाटेल. ताईंचं बिघडत होतं. वर्षभरापूर्वी त्यांनी तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं होतं. घरात नळ होते, चांगले चकचकीत, फक्त जोडणी नव्हती. रोज संध्याकाळी ताई आणि त्यांचे यजमान खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडून बादल्या भरून वर नेत. सासूबाई दारात उभ्या राहून सांडलेलं पाणी पुशीत. वहिनी भल्या होत्या, पण भलेपणालाही टाकीचा तळ लागतोच.

"पाणी काय हो, तुमचंच आहे," वहिनी परवा म्हणाल्या होत्या. "पण माझी बहीण येतेय राहायला, मुलांना घेऊन. पुढच्या महिन्यापासून जरा बघा हं काहीतरी."

ताईंचा अर्ज त्याच यंत्रात होता. रांग मोडून नव्हे, रीतसर पाळी आली होती. प्रणाली उघडली असती तर एक बटण दाबायचं बाकी होतं. पण चाक फिरत होतं, पोपट "नक्की?" विचारत होता, आणि ताईंचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

शेवटी त्यांनी संगणक दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं पडदा पाहिला आणि हसला.

"यंत्राला काही झालेलं नाही, ताई. हा सगळा कंपनीनं भरून दिलेला पालापाचोळा आहे. काढून टाकतो. दहा मिनिटांचं काम."

"अहो, काढा ना मग! वाट कसली बघताय?"

त्यानं माउसला हात लावला, तोच मागून आवाज आला, "खबरदार!"

भांडारपाल नगकाका दारात उभे होते. कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगानं क्रमांक घालायचा आणि ती एक नग म्हणून मोजायची, हे त्यांचं आयुष्य. पंखा एक नग, केरसुणी एक नग. खिडकीत येणाऱ्या मांजरावरही त्यांनी एकदा ब्रश उगारला होता. मांजर चपळ म्हणून वाचलं.

"यंत्रासोबत जे जे आलं ते सगळं मी नगवार ताब्यात घेतलंय," नगकाका म्हणाले. "हवामान एक नग. पत्ते एक नग. पोपट एक नग. यातला एक जरी कमी भरला तर माझी नोकरी जाईल."

"काका, ते फुकट आलंय!"

"म्हणून तर जपायचं. विकत घेतलेलं हरवलं तर किंमत वसूल करता येते. फुकटचं हरवलं तर किती लावू?"

दुरुस्तीवाल्यानं आपली पिशवी उचलली.

प्रकरण साहेबांकडे गेलं. साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि निर्णय दिला की सरकारी वस्तू नकोशी झाली म्हणून टाकता येत नाही. ती आधी निर्लेखित करावी लागते, म्हणजे समितीनं पाहून ती निकामी ठरवावी लागते. समिती बसली. अध्यक्ष साहेब, सचिव नगकाका, आणि तज्ज्ञ म्हणून जलवाहिनी अभियंता. त्यांनी आजवर फक्त मोडक्या खुर्च्या आणि गळक्या बादल्या निर्लेखित केल्या होत्या, पण त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

समिती ताईंच्या टेबलाभोवती उभी राहिली. ताईंनी मनातल्या मनात हात जोडले.

"हवामान," नगकाकांनी पुकारा केला.

पडद्यावर आलं: ऊन. अभियंत्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. ऊन होतं. "चालू स्थितीत," ते म्हणाले.

"पत्ते."

पत्त्यांची तपासणी जरा लांबली. अभियंत्यांच्या मते एका डावावरून निष्कर्ष काढणं घाईचं झालं असतं. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा ते नाइलाजानं उठले. "उत्कृष्ट चालू स्थितीत."

दुकानानं साहेबांना त्यांच्या मापाचे बूट निम्म्या किमतीत दाखवले. साहेबांनी ते तिथल्या तिथे मागवून टाकले आणि दुकान चालू असल्याची खात्री करून घेतली. पहारेकऱ्यानं सर्वांसमक्ष बोंब मारली. मग पोपटानं डोकं बाहेर काढलं.

"काही मदत हवी आहे का?"

साहेब गहिवरले. "छत्तीस वर्षं नोकरी झाली माझी," ते म्हणाले, "पण हा प्रश्न या इमारतीत मी आज पहिल्यांदा ऐकला."

पोपट बिनविरोध चालू ठरला.

"आणि हे काय?" अभियंत्यांनी कोपऱ्यातल्या चाकाकडे बोट दाखवलं.

"ही नळजोडणी प्रणाली," ताई घाईघाईनं म्हणाल्या. "हिच्यासाठीच तर मी..."

"कधीपासून फिरतंय?"

"सोमवारपासून."

समितीच्या सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. अशी नजरानजर मोडकी खुर्ची पाहून होत असे.

"निकामी," अभियंते म्हणाले.

"अहो साहेब, ती या बाकीच्यांमुळे अडकते! यांना काढा, ती धावेल!"

"ताई," साहेब मायेनं म्हणाले, "समिती कारणांत जात नाही. समिती स्थिती बघते."

पोपटाला काढायला गेलं असतं तर त्यानं तीन वेळा 'नक्की?' विचारलं असतं आणि आठवणीही काढल्या असत्या. नळजोडणी प्रणालीनं हूं की चूं केलं नाही. नगकाकांनी स्वतः बटण दाबलं आणि ती गेली, आतल्या सगळ्या अर्जांसकट, ताईंच्या अर्जासकट. ताईंना रडू आलं. रागही आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना, कारण सगळं नियमानं झालं होतं.

यंत्र मात्र त्या दिवसापासून वाऱ्यासारखं पळू लागलं.

आता प्रश्न उरला खिडकीवर येणाऱ्या लोकांचा. साहेबांनी पडदा त्यांच्याकडे फिरवून ठेवायला सांगितलं. लोक येत, नळाचं विचारत, ताई खाली मान घालून सांगत, "प्रणाली निर्लेखित झाली हो. हवामान हवं का?" सुरुवातीला एकदोघं तणतणले. मग एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "सांगा बुवा. एवढा आलोय तर काहीतरी घेऊन जातो." त्यांना हवामान मिळालं, वर बुटांची सवलत मिळाली. गुरुजी खूश होऊन गेले. हळूहळू रांग भराभर सरकू लागली. जाताना पोपट प्रत्येकाला विचारायचा, सेवा कशी वाटली, किती तारे द्याल? पाच दाबले की चौकट मिटायची. कमी दाबले की प्रश्न सुरू व्हायचे. लोकांना कामं असतात. लोक पाच दाबत.

महिनाअखेरीला वरच्या कार्यालयात आकडे पोचले. एकही नळ न देता शंभर टक्के नागरिक समाधानी, असा विभाग त्यांनी आजवर पाहिला नव्हता. साहेबांचा सत्कार झाला. नवे बूट घालूनच ते गेले. पाठोपाठ आदेश निघाला की सर्व कार्यालयांनी आपापली नळजोडणी प्रणाली ताबडतोब काढून टाकावी आणि पोपटाकडे पूर्ण कारभार सोपवावा.

घरी सासूबाई रिकाम्या बादलीशेजारी बसल्या होत्या. वहिनींची बहीण आली होती, मुलं आली होती, आणि खालचं दार लोटलेलं होतं.

"तू त्याच खात्यात काम करतेस ना गं?" सासूबाईंनी विचारलं. कुत्सितपणे नव्हे, खरंच खात्री करून घ्यायला.

ताईंना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या थेट मुख्य कार्यालयात गेल्या आणि सामान्य नागरिकासारख्या रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आला. आतल्या लिपिकानं मान वर न करता पडदा फिरवला.

"आज आकाश निरभ्र राहील," पोपट म्हणाला.

"मला आकाश नको रे बाबा, पाणी हवंय!"

"नक्की?" पोपटानं विचारलं आणि तारे पुढे केले.

ताईंनी एक तारा दाबला. कारण लिहा, असं आलं. त्यांनी लिहिलं, बादल्यांचं, जिन्याचं, सासूबाईंचं, मोकळेपणानं, एकदाही 'उपरोक्त' न म्हणता. मग दुसरी चौकट उघडली. तक्रार स्वीकारण्यासाठी आपल्या नळजोडणीचा क्रमांक टाका.

ताई त्या चौकटीकडे बघत राहिल्या. मागे चुळबुळ सुरू झाली.

"अहो बाई, पाच दाबा आणि मोकळ्या व्हा ना!"

"एकीपायी सगळ्यांचा खोळंबा."

"वाचत काय बसलाय? ते कुणी वाचतं का?"

ताईंनी वळून पाहिलं. सगळी सभ्य माणसं होती, घाईतली, घरी नळ असलेली आणि नसलेली. तो तिसरा आवाज तुम्हाला ओळखीचा वाटला असेल तर वाटणारच. तुम्ही त्यांच्या लगेच मागे उभे होता. ताईंनी पाच तारे दाबले आणि तुम्हाला जागा करून दिली.

तुम्ही पुढे झालात, आणि पोपटानं तोंड उघडायच्या आतच पाच दाबलेत.