मागच्या खोलीत नवा टूल पोस्ट उभा राहिला त्याची हकीकत

विदित व्हावे जे, मागच्या खोलीतील लेथ मशीन विकावे की राखावे या कज्जात जी मोहीम जाहली, तिची हकीकत जो तो आपल्या सोयीने सांगतो, लेक एक सांगते, शेजारी भलतेच सांगतात, सबब आम्ही घडले तैसे, पदरचे तिखटमीठ न लावता लिहिले असे. ज्यास खोटे वाटेल त्याने येऊन खांब हलवून पाहावा.

टर्नरसाहेब, लोखंड कातण्याच्या कामी नामजाद, कारखान्याची चाकरी चौतीस वर्षे करून घरी बसले, आणि बसले म्हणजे काय, मागच्या खोलीत हातभर लांबीचे लेथ मशीन मांडून तेथेच आपली दौलत कायम केली. मग गेल्या सालापासून उजव्या हातात कंप शिरला. गनीम मोठा हरामखोर, दिसत नाही आणि हटतही नाही. लेथाचा कायदा ऐसा की, कापणाऱ्या टूलाचे टोक फिरत्या लोखंडाच्या बरोब्बर मध्यावर यावे, आणि त्याकरिता टूल पोस्टात, म्हणजे टूल धरणाऱ्या ठाण्यात, टूलाखाली पत्र्याच्या बारीक पट्ट्या सारीत बसावे, आणि टूल बदलले की पुन्हा पहिल्यापासून तेच. साहेबांच्या बोटांतून पट्ट्या गळत, कपाटाखाली जात, आणि साहेब गुडघे टेकून त्यांचा शोध करीत. हा प्रकार लेकीने पाहिला आणि हुकूम फर्माविला की, बाबांचे बोट जाण्याची वाट पाहणे नाही, रविवारी गिऱ्हाईक येईल, यंत्र देऊन टाकावे. साहेबांच्या कुटुंबाने, म्हणजे बाईसाहेबांनी, त्यास रुकार दिला. साहेबांनी हाय खाल्ली आणि दोन वेळा भरल्या ताटावरून उठले.

मग एकांती मसलत जाहली, म्हणजे साहेब एकटेच बसले. मनसुबा ठरला की, एक गोल खांब उभारावा, दर टूलास त्याचा त्याचा ठोकळा द्यावा, ठोकळ्याच्या भोकातून खांब जावा, उंची माथ्याच्या स्क्रूने एकदाच बांधून टाकावी, आणि पुढे ठोकळा चढविणे व तो आवळणारी दांडी ओढणे, इतकेच. पट्ट्यांचे राज्यच खालसा करावे. हात थरथरला तरी टूल आपल्या जागी येईल.

मंगळवारी खांब कातला. पट्ट्या अकरा वेळा पडल्या, साहेबांनी अकरा वेळा उचलिल्या, आणि खांब ऐसा उतरला की त्यात तोंड पाहून घ्यावे. बुधवारी ठोकळ्यांस लोखंड पाहता घरात धड लोखंड नाही. येथे साहेबांस दुर्बुद्धी जाहली. जुना टूल पोस्ट नजरेस पडला, चौकोनी, पोलादी, दणकट. आता याचे काय काम, ऐसे मनी आणून तो शिकंज्यात आवळला, आणि हॅक्सॉने दीड दिवस घाम गाळून त्याचे दोन तुकडे केले, आणि मोठ्या ऐटीत चहास बसले. चहा निम्मा जाहला तेव्हा ध्यानात आले की, भोक ड्रिलने पडेल, परंतु घरचे सर्वांत मोठे ड्रिल खांबाहून अर्धा मिलिमीटर बारीक, आणि तो अर्धा मिलिमीटर वाढविणारे टूल धरावे कोठे? धरणारे ठाणेच कापून ठेविले. ऐसी चूक कसलेला टर्नरच करू जाणे, नवशिक्याची तेवढी मजल नाही. साहेबांची पाचावर धारण बसली.

शुक्रवारी भोके पाडिली आणि शनिवारी दुपारी गोल कानस हाती घेतली. कानस घासावी तो हात कापे, भोक लंबगोल होण्याचा रंग दिसू लागला. इतक्यात बाईसाहेबांची स्वारी दारात आली, आणि जुन्या पोस्टाचे दोन तुकडे का, ऐसी चौकशी जाहली. साहेबांनी खरे ते सांगितले. बाईसाहेब ऐशा हसल्या की स्टूल ओढून बसावे लागले. मग साहेब खाली मान घालून म्हणाले, “अगं, हे गेलं तर सकाळी उठून मी करू काय?”

बाईसाहेबांचे हसू मावळले. भोकातून कानशीचा शेंडा पलीकडे निघाला होता, तो त्यांनी फडक्यात धरिला. “हं, ओढा,” म्हणाल्या. एका टोकास साहेब, दुसऱ्या टोकास बाईसाहेब, मध्ये शिकंजा, आणि कानस सरळ चालू लागली. साहेबांस गहिवर आला, तो त्यांनी डोळ्यांत कीस गेला म्हणोन निभावून नेला. दिवेलागणीच्या आत दोन्ही ठोकळे खांबावर बसले.

रविवारी लेक गिऱ्हाइकास घेऊन आली. साहेबांनी ठोकळा चढविला, दांडी ओढली, पितळी सळई सोलून काढिली, ठोकळा उतरविला, दुसरा चढविला, चुटकीसरशी. हात कापत होता, टूल तसूभर हलले नाही. लेकीने वाकून टूलाचे टोक न्याहाळिले. गिऱ्हाइकाने खुशीत येऊन पुसले की, हा टूल पोस्टही यंत्राबरोबरच मिळेल ना?

साहेब तोंड उघडणार तो बाईसाहेब बोलल्या, “मशीन विकायचं नाही. आमचं काम अजून संपलेलं नाही.”

त्या घरात लेथास आजवर ‘तुमचं मशीन’ आणि ‘तुमचा पसारा’ याखेरीज शब्द नव्हता. ‘आमचं’ हा त्या दिवशी प्रथम ऐकिला. लेकीने आपला हुकूम मागे घेतला आणि गिऱ्हाईक चहा घेऊन मार्गस्थ जाहले.

येणेप्रमाणे ठाणे राखिले. कामी आला एक जुना टूल पोस्ट. गनीम अद्याप मुलखात आहे, त्याचा बंदोबस्त होणे नाही. फत्ते टर्नरसाहेबांच्या नावे मांडावी म्हणोन लेखणी उचलिली, तो खासा साहेबांचा हुकूम जाहला की, नावे दोन लिहिणे. सबब दोन लिहिली असेत.