वांगणीची घोरपड

“माझा खोका कुठंय?” नीताने हेल्मेट टेबलावर आपटत विचारलं.

ऑफिसचे शिपाई लाडक्याकाका. त्यांनी आधी गोडाऊनच्या दाराकडे बघितलं, मग आढ्याकडे, मग स्वतःच्या चपलांकडे. “कंचा खोका?”

“शनिवारी मी रजेवर होते तेव्हा कुरियरवाला देऊन गेला तो. मोठा, काळा. वर आग ओकणाऱ्या प्राण्याचं चित्र.”

“तो काय! तो गेला. साहेब बोलले, खेळण्यांचे सगळे खोके वांगणीच्या जीपमध्ये भरा. तुमच्या खोक्यात पण खेळणंच होतं ना?”

मुद्दा बिनतोड होता. अंगणवाड्यांना खेळणी आणि चित्रांची पुस्तकं पुरवणाऱ्या एका संस्थेचं हे जव्हारमधलं ऑफिस. तिथे खेळण्यांशिवाय दुसरं काही येतच नसे. नीताच्या गल्लीचा पत्ता कुरियरवाल्यांना काही केल्या सापडत नव्हता, म्हणून ती आपली पार्सलं ऑफिसच्या पत्त्यावर मागवायची. या पार्सलची तर तिने पावसाळाभर वाट पाहिली होती. डोंगरी किल्ला, तो चढणारे शूरवीर, वीस बाजूंचा फासा आणि किल्ला राखणारा वीतभर उंचीचा ड्रॅगन. पटावरचा असा खेळ सगळ्या पालघर जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नसेल, याबद्दल तिची खात्री होती.

नीता चौतीस वर्षांची होती आणि खेळ हे तिचं जाहीर वेड होतं. जाहीर, कारण तिने ते कधी लपवलं नाही. लोक ज्या शोकेसमध्ये लग्नाचे फोटो आणि काचेचे पेले मांडतात, त्यात तिने तलवारी उपसलेल्या योद्ध्यांच्या मूर्ती मांडल्या होत्या. संध्याकाळी कानाला हेडफोन लावून ती नागपूर-नाशिकच्या मित्रमैत्रिणींबरोबर कॉम्प्युटरवर लढाया खेळायची. पाहुणे म्हणायचे, “या वयात बाहुल्या?” त्यावर ती म्हणायची, “तुमचे यजमान या वयात पत्ते खेळतात, त्यांना विचारलंत का कधी?” पाहुणे चहा अर्धा टाकून उठायचे. आई कपाळाला हात लावायची.

नीता तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

“साहेब, माझा खेळ वांगणीच्या अंगणवाडीत गेलाय. मी आणायला चाललेय.”

“थांबा, थांबा!” साहेबांचा चेहरा उजळलेला होता. त्यांनी मोबाइल पुढे केला. फोटोत अंगणवाडीची पोरं ड्रॅगनभोवती बसली होती आणि खाली मुंबईच्या मुख्य ऑफिसातल्या मंडळींनी टाळ्या वाजवणारे हात पाठवले होते. “वरून शाबासकी आलीय! ‘अभिनव उपक्रम’ म्हणालेत. आता परत कसं आणायचं? आणि तुम्हाला काय करायचाय हो तो? पोरांची वस्तू पोरांकडे गेली. तुम्ही आता जरा मोठ्या व्हा.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

“साहेब, खोक्यावर काय छापलंय ते बघितलंत? चौदा वर्षांच्या पुढच्यांसाठी. मी बसते त्यात. वांगणीची पोरं तीन-चार वर्षांची आहेत आणि आत बोराएवढे तुकडे आहेत. एखाद्याने गिळला तर मुंबईला काय कळवणार? उपक्रम घशात अडकला म्हणून?”

साहेबांचा चेहरा मावळला. “अहो, मग बसलात काय? पळा! आत्ताच्या आत्ता घेऊन या!”

“बसले नव्हतेच,” नीता म्हणाली आणि तिने हेल्मेट उचललं.

वावर गावापर्यंत रस्ता बरा होता. पुढे वांगणीपर्यंत खड्डे एकमेकांना धरून होते आणि त्यांच्या मधून स्कूटीला वाट काढावी लागत होती. नीता पोचली तेव्हा तिच्या केसांपासून बुटांपर्यंत एकच रंग झाला होता. अंगणवाडीच्या ओट्यावर सेविका गोजाबाई खिचडीची पातेली घासत होत्या. नीताने हकिगत सांगताच त्यांनी आतून काळा खोका आणून समोर ठेवला.

“बारके तुकडे मी पहिल्याच दिवशी उचलून ठेवले, मॅडम. पोरं काय, खडूसुद्धा खातात. पण हा फासा भारी हो! दोन तोंडांची माणसं लय बघितली, वीस तोंडांचं पहिल्यांदाच बघितलं.”

नीताने खोका तपासला. शूरवीर होते, पट होता, पत्ते होते. ड्रॅगनची जागा रिकामी होती.

“ती घोरपड होय?” गोजाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. “ती आमची बारकी सकू घेऊन गेली घरी. रडून गाव गोळा केला, मग दिली. पण आता ती सकूकडे नाय. सकूच्या आजीकडं हाय.”

त्या ज्या सुरात ‘आजी’ म्हणाल्या, त्यावरून आपली गाठ कुणाशी आहे ते नीताला कळायला हवं होतं.

सकूची आजी कोंडी अंगणात सुपाने नाचणी पाखडत होती. पडवीत भाताची कणगी होती आणि कणगीवर, पंख पसरून, आ वासून, नीताचा ड्रॅगन उभा होता.

“आजी, तो माझा आहे. चुकून इकडे आला. न्यायला आलेय.”

कोंडीने सूप थांबवलं नाही. “जीपमधून आलं ना? मग ते सरकारी.”

“सरकारी नाही हो, माझं स्वतःचं आहे.”

“सरकार द्यायला कधीमधी येतं. दिलेलं परत मागायला आलेलं मी आज बघते.” कोंडीने फोल उडवलं ते बरोबर नीताच्या अंगावर. “घोरपड ठेवल्यापासून कणगीला उंदीर लागला नाय. ती नाय मिळायची.”

“घोरपड नाही, ड्रॅगन आहे तो! किल्ला राखतो.”

“मंग कणगी राखील.”

एव्हाना शेजारच्या बाया जमल्या होत्या. गोजाबाई नीताच्या कानाला लागल्या, “मॅडम, मी आजीला बोलण्यात गुंतवते. तुम्ही उचला आणि गाडी चालू करा. कोण धावतंय मागं?”

पण नीताला ते पटेना. आपली वस्तू चोरून न्यायची? तिला एकदम नामी युक्ती सुचली. “आजी, हा खेळ आहे. खेळात ज्याला ड्रॅगन पाहिजे, त्याने तो जिंकायचा असतो. तुम्ही ड्रॅगनच्या बाजूने खेळा, मी शूरवीरांच्या. माझा एक जरी गडी किल्ल्यात शिरला तर मी ड्रॅगन घेऊन जाणार.”

“आन नाय शिरला तर?”

“तर तो तुमचा,” नीता ऐटीत म्हणाली. कॉलेजात असल्यापासून ती असले खेळ खेळत आली होती. म्हातारीचं मन न दुखवता हरवायचं कसं, एवढीच तिला काळजी होती.

कोंडीने सूप बाजूला ठेवलं. पडवीत पट मांडला गेला. नीताने नियम सांगितले, गोजाबाईंनी ते गावच्या बोलीत परत सांगितले. नीताने पहिला शूरवीर मोठ्या डौलात पुढे सरकवला.

“आता तुमचा ड्रॅगन हलवा, आजी.”

“कशाला?” कोंडी म्हणाली.

“कशाला म्हणजे? डाव तुमचा आहे.”

“हललंच पायजे असं हाय का त्यात?”

नीताने नियमांचं पुस्तक उघडलं. तसं काही नव्हतं. ड्रॅगनला वाटलं तर तो जागेवर बसू शकत होता. फक्त आजवर कुणाला तसं वाटलं नसावं.

“मंग मी नाय हलत. धान आतमदी हाय, मी दार सोडून कुठं जाऊ?”

आणि कोंडीने दार सोडलं नाही. नीताने एक शूरवीर डावीकडून पाठवला, कोंडीने फासा टाकला, शूरवीर पडला. उजवीकडून दोन पाठवले, दोन्ही पडले. नीताने लालूच दाखवली, माघार घेतल्याचं सोंग केलं, कॉम्प्युटरवर भल्याभल्यांना चकवणाऱ्या सगळ्या खेळ्या करून पाहिल्या. ड्रॅगन ढिम्म. एकेक शूरवीर पडला की बाया हसून एकमेकींच्या पाठीत धपाटे घालत होत्या. शेवटी उरला एक तिरंदाज. नीताने फाशावर फुंकर मारली, फासा टाकला. आला एक.

“पडला!” गोजाबाई ओरडल्या. त्या कोणाच्या बाजूने होत्या ते आता उघड झालं होतं.

नीता पटाकडे बघत राहिली. ड्रॅगन हाताच्या अंतरावर होता. ‘पोरखेळ तर होता, घेऊन टाक,’ असं म्हणायला कुणाची हरकत नव्हती. पण हे पोरखेळ नाहीत, हेच तर ती इतकी वर्षं आईला, पाहुण्यांना आणि साहेबांना ठणकावून सांगत आली होती.

“हरले,” ती म्हणाली आणि ड्रॅगन स्वतःच्या हाताने उचलून तिने कणगीवर ठेवला. “पण पुढच्या रविवारी परत येणार. परत खेळायचं.”

“ये की,” कोंडी म्हणाली. “मी कुठं जाते? दार कोण राखील?”

घरी हे कळल्यावर आई म्हणाली, “एवढ्या लांब कधी एखादं स्थळ बघायला गेली असतीस तर!”

“स्थळांमध्ये इतका दम नव्हता, आई.”

ऑफिसात साहेबांनी विचारलं, “सगळं मिळालं ना परत?” नीताने ठणठणीत आवाजात सांगितलं, “नाही. खेळात हरले.” साहेबांना कसं तोंड करावं ते समजेना. आठवडाभर ती संध्याकाळी नागपूर-नाशिककरांशी हेडफोनवरून एकच चर्चा करत होती. जागचं न हलणाऱ्या ड्रॅगनला हरवायचं कसं? अखेर तोड सापडली. दोन गडी मुद्दाम मारू द्यायचे आणि तिसरा मागच्या कड्यावरून चढवायचा. नाशिकच्या मैत्रिणीने ते स्वतःच्या पटावर करून बघितलं. आजीला आता सुटका नव्हती.

रविवारी नीता खोका बांधून वांगणीला हजर झाली. पडवीत चटई अंथरलेली होती. बाया आधीच जागा धरून बसल्या होत्या. कोंडीने कणगीवरून ड्रॅगन उतरवला, पदराने पुसला आणि नीताच्या बाजूला ठेवला.

“आज घोरपड तू घे, बाय. मी किल्ला चढते.”

नीताचा आठवड्याचा अभ्यास जागच्या जागी थिजला. तरी तिने स्वतःला सावरलं. घोरपड तर घोरपड. तिने ड्रॅगनला दारात पक्का बसवला आणि हाताची घडी घातली.

“हां, हां!” कोंडीने बोट उगारलं. “जाग्यावरून हलायचंच नाय, हे असं चालायचं नाय. तो रडीचा डाव.”

“आजी! मागच्या वेळी तुम्ही तरी कुठे हललात?”

“मागच्या टायमाला मला खेळ कुठं येत होता?” कोंडी म्हणाली आणि तिने फासा टाकला.